वहीतल्या नावांमागून : नाशिक, कुडाळ, म्हार्दोळ, कुंकळ्ळी

बाबांचं वर्षश्राद्ध उन्हाळ्यात झालं. त्यानंतरचा हा पहिला पितृपक्ष. दादाच्या मनात एवढंच होतं की नाशिकला जाऊन क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी जपणाऱ्या तीर्थाच्या पुरोहितांच्या, वहीत बाबांची नोंद करून यायची. आत्या म्हणाली, "नाशिकला जाताय तर पुढे गावालाही जाऊ. म्हाळ मूळ घरात होऊ दे. आणि माझे पाय चालताहेत तोवर म्हार्दोळला कुलदेवीची ओटी भरू." म्हाळ म्हणजे महालय, पितृपक्षातलं श्राद्ध. आत्याची सत्तरी केव्हाच उलटली आहे. तिनं एवढं मागितल्यावर आम्ही रजा टाकल्या.

शनिवार, नाशिक

तपोवन एक्सप्रेसनं सकाळी नाशिक रोडला उतरलो. रामकुंडावर पितृपक्षाची गर्दी होती. ओल्या धोतरातली माणसं, केळीच्या पानांवर मांडलेले पिंड, तर्पणासाठी रांगेनं बसलेले मुलगे आणि नातू. आमचे गुरुजी जवळच्याच एका जुन्या वाड्यात राहतात. त्यांच्या घराण्याचं नाव आजोबांनी एका पोस्टकार्डावर लिहून ठेवलं होतं आणि ते पोस्टकार्ड बाबांच्या कागदांत सापडलं होतं.

गुरुजींनी आडनाव विचारलं, मग गाव, मग जिल्हा. दादा म्हणाला, सिंधुदुर्ग. गुरुजींनी मान हलवली. "सिंधुदुर्ग जिल्हा 1981 चा. त्याआधीची नोंद रत्नागिरीत असेल. आणि 1948 च्या मागे जायचं असेल तर सावंतवाडी संस्थान." लाल फडक्यात बांधलेली लांबट वही त्यांनी फडताळातून काढली. बोट फिरवत गेले आणि एका पानावर थांबले.

आजोबांचं अक्षर मी लगेच ओळखलं. शाईचं, उजवीकडे झुकलेलं. साल 1958. पणजोबांच्या अस्थी घेऊन ते नाशिकला आले होते, त्या वेळची नोंद. स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं. त्याखाली 'ज्येष्ठ बंधू' असं लिहून थोरल्या आजोबांचं नाव आणि त्यांच्या मुलांची नावं वयाच्या क्रमानं, प्रत्येकापुढे 'चिरंजीव'. त्यानंतर आपली मुलं. शेवटी 'भगिनी' म्हणून लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेल्या बहिणीचं नाव.

हे वाचून आत्या कितीतरी वेळ बोलली नाही. त्याच सुमाराला आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्यात घरामागच्या जमिनीवरून दावा लागला होता. दोघे शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. आजोबांनी गाव सोडलं ते परत कधी गेले नाहीत. बाबांनी मूळ घराचा उंबरा पाहिला तो फक्त लहानपणी. आमच्या घरात या विषयाला कुणी हात लावत नसे. आणि त्याच माणसानं कोर्टाची तारीख डोक्यावर असताना, भावाच्या सगळ्यात धाकट्या मुलाचं नावसुद्धा न विसरता इथे लिहिलं होतं.

मी गुरुजींना विचारलं, भांडणात असलेली माणसंही भावांची नावं लिहितात का? ते म्हणाले, "आम्ही विचारतोच. सगळे भाऊ सांगा, त्यांची मुलं सांगा. एका फांदीचं नाव राहिलं तर पन्नास वर्षांनी त्या फांदीचा माणूस येतो आणि आम्हाला त्याला कुठे जोडायचं ते कळत नाही. कुणी रागानं गप्प बसतो. बहुतेक जण सांगतात."

मग त्यांनी मोडीतली जुनी नोंद वाचून दाखवली. शके 1831, म्हणजे 1909. मौजे अमुक, प्रांत कुडाळ, संस्थान सावंतवाडी. पूर्वी वास्तव्य वेर्णे, प्रांत सासष्टी. कुलस्वामिनी श्री म्हाळसा, म्हार्दोळ. गोव्यातल्या सासष्टीतून येऊन कितीतरी पिढ्या लोटल्या होत्या, तरी पणजोबांनी वेर्ण्याचं नाव सोडलं नव्हतं.

आता आमची पाळी. गुरुजींनी बाबांचं नाव, निधनाची तिथी लिहिली, दादाचं आणि त्याच्या मुलाचं नाव लिहिलं. आत्या माझ्याकडे पाहत पुढे सरकली. "हिचं लिहा. हिच्या मुलीचं लिहा. आणि माझंही." गुरुजींनी कसलीच कुरकुर केली नाही. हल्ली बरेच जण लिहून घेतात म्हणाले. थोरल्या घरातली नातवंडं सांगायची वेळ आली तेव्हा मात्र आम्हा तिघांनाही ती नीट येईनात. दोन ओळींची जागा मोकळी ठेवून आम्ही सह्या केल्या. आजोबांच्या पानाचा मी फोटो काढला.

संध्याकाळच्या गाडीनं दादर आणि मध्यरात्रीची तुतारी एक्सप्रेस.

रविवार, कुडाळ

सकाळी जाग आली तेव्हा बाहेर भात पोटरीला आलेलं दिसत होतं. कुडाळ स्टेशनवर तात्या, म्हणजे थोरल्या आजोबांचे एक चिरंजीव, माझे चुलतकाका, स्वतः न्यायला आले होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. चालण्याची ढब थेट बाबांची. आत्यानं त्यांना एका लग्नात पाहिलं होतं, नंबर तिच्याकडेच होता.

"येवा. इतकी वर्सा लागली तुमका," एवढंच ते म्हणाले आणि आत्याची पिशवी त्यांनी हातातून घेतली.

मूळ घर चिऱ्याचं, कौलारू, पुढे सारवलेलं खळं आणि तुळस. अजूनही भावकीचा गणपती इथेच बसतो. बाकीच्या कुणाच्या घरात वेगळा आणत नाहीत. चतुर्थीला मुंबई, पुणे, बेळगावहून येणारे सगळे पडवीत चटया टाकून झोपतात. आमच्या फांदीचे तेवढे कुणी नसत.

जेवणं झाल्यावर मी तात्यांना वहीतल्या पानाचा फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी ओळ न् ओळ वाचली. सगळ्यात धाकट्या चिरंजीवाचं नाव त्यांचंच होतं. वय तेव्हा दोन-तीन वर्षांचं. ते आत गेले आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आले. तीत दाव्याचे कागद होते, नकाशे होते, आणि अलीकडचा सातबारा होता.

कोकणातल्या सातबाऱ्यावर किती नावं असतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक. वाटण्या कागदावर येत नाहीत, गेलेल्यांची नावं राहतात, वारस वाढत जातात. आमच्या गुंठ्यांवरही तशीच रांग होती. त्यात आजोबांचं नाव होतं. दाव्यात जमीन कुणाचीच पूर्ण झाली नाही. शेवटी ती तशीच पडीक राहिली, आणि तिथे आता काजू आणि रानच आहे. तरी थोरल्या घरानं आजोबांचं नाव खोडायचा प्रयत्न कधी केला नव्हता. शेतसारा तेच भरत आले.

तात्यांनी दादाकडे बाबांचा मृत्यूदाखला मागितला. वारस नोंद करून घ्यायची म्हणाले. आत्यानं सवयीनं विचारलं, "मी हक्कसोड लिहून देऊ ना?" आमच्याकडे बहिणींनी हे विचारायचंच असतं, आणि भावांनी कागद पुढे करायचाच असतो. मुलींना वडिलार्जित मालमत्तेत समान हिस्सा महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून आहे, पण गावोगाव हक्कसोडपत्रं आजही होतात. तात्या म्हणाले, "हक्कसोड कित्याक? काकान थय नाशकात बहिणीचा नाव लिवलान, आणि मी हय खोडू?"

मी इथे थोडी थांबते, कारण या प्रवासात मला जे मिळालं ते बरंचसं या वाक्यात आहे. पूर्वजांचं स्मरण म्हणजे त्यांचं मोठेपण सांगणं असं मला आजवर वाटत आलं होतं. आमच्या घराण्यात सांगण्यासारखा पराक्रम नाही. सुभेदारी नाही, सनद नाही. भांडणं आहेत, गरिबी आहे, मुंबईच्या चाळीतली एक खोली आहे. पण रागाच्या ऐन भरात भावाच्या मुलांची नावं नीट क्रमानं लिहिणारा एक माणूस आहे, आणि दावा जिंकता आला नाही तरी त्याचं नाव कागदावरून न काढणारा दुसरा. आपण कसं वागावं हे कळायला मला यापेक्षा मोठ्या माणसाची गरज उरली नाही.

संध्याकाळी रवळनाथाच्या देवळात गेलो. गावऱ्हाटीतल्या, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या परंपरागत व्यवस्थेतल्या, मानकऱ्यानं आमच्यासाठी गाऱ्हाणं घातलं. ज्यांनी मालवणी मुलखातलं गाऱ्हाणं ऐकलं नाही त्यांनी एकदा तरी ऐकावं. आधी देवाला, मग गावच्या जागेवाल्यांना (राखणदारांना), पूर्वसाला (मूळ पूर्वजाला), बारा-पाचाच्या मानकऱ्यांना हाका आणि मग तक्रारीच्या मोकळ्या सुरात मागणं: मुंबैक गेलेली ही लेकरा आज पायाकडे इलीसत, काय चुकला-माकला असात तर पोटात घाल, एकाचे एकवीस कर म्हाराजा. प्रत्येक वाक्यामागून सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दादाचा आवाज मला ऐकू येत होता.

सोमवार, म्हाळ

पहाटेपासून चूल पेटलेली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, तांदळाची खीर, अळू, भोपळा, गवार, भेंडी, काकडीची कोशिंबीर. मी आणि तात्यांची मुलगी वडे थापत होतो. ती कुडाळात शिक्षिका आहे, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. तिनं मला न विचारताच ताई म्हणायला सुरुवात केली होती.

श्राद्धाला थोरले म्हणून तात्या बसले, शेजारी दादा. मी मुद्दाम ऐकत राहिले. वर्षश्राद्धाला आपल्या सरळ रेषेतल्या पिढ्यांची नावं येतात. महालयात तसं नाही. आधी वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, आजी, पणजी. मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा सपत्नीक. आणि नंतर सारा गोतावळा: पत्नी, मुलगा, मुलगी, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू, शिष्य, स्नेही. प्रत्येकाचं नाव, गोत्र घेऊन. पितृव्य, म्हणजे काका, म्हणताना तात्यांनी माझ्या आजोबांचं नाव घेतलं. भ्राता म्हणताना बाबांचं. शेजारी दादानं थोरल्या आजोबांचं नाव उच्चारलं. ज्या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही त्यांच्या नावांचे पिंड एकाच पानावर आले.

शेवटी ज्यांना कुणीच नाही, जे निपुत्रिक गेले, ज्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत, त्यांच्यासाठी पिंड आणि पाणी. वस्त्र पिळून त्याचं पाणीही अशांनाच द्यायचं असतं. माझा श्राद्धावर विश्वास किती, हे मला नेमकं सांगता येणार नाही. पण आपल्या रक्ताच्या तीन पिढ्यांपासून सुरुवात करून अनोळखी मृतांपर्यंत पोचणारी ही यादी ज्यांनी बांधली, त्यांना नात्याचा पैस कळला होता, एवढं मी खात्रीनं म्हणेन. आत्यानं हळूच तिच्या एका मैत्रिणीचं नाव सांगितलं. ती लग्नाशिवाय राहिली आणि मुंबईत एकटी गेली. भटजींनी तेही घेतलं.

कावळ्यानं वाट पाहायला लावली नाही. दुपारी पंगतीत चाळीसेक माणसं होती. मी वही काढली आणि थोरल्या घरातल्या नातवंडांची नावं, जन्मसालं एकेकाकडून लिहून घेतली.

मंगळवार, म्हार्दोळ

तात्यांच्या मुलीनं गाडी काढली. तात्याही निघाले. बांदा, पत्रादेवी, म्हापसा. म्हापशात मिलाग्रिस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, चर्च आहे. ही सायबीण म्हणजे शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असं गोव्यातले लोक मानतात. सात बहिणींतली एक ख्रिस्ती झाली, पण बहीण राहिली. सायबिणीच्या फेस्ताला (उत्सवाला) हिंदू तेल घेऊन जातात. आम्ही उतरलो नाही, आत्याला दुपारची आरती गाठायची होती.

म्हार्दोळच्या देवळात शिरताना समोर उंच पितळी समई दिसते. म्हाळसा इथे मोहिनीच्या रूपात आहे. चार हात, त्रिशूळ, तलवार, कापलेलं शिर आणि पानपात्र, आणि अंगावर जानवं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या नेवाशाच्या मोहिनीराजाशी तिचं नातं जोडतात. देवळातल्या घंटेची गोष्ट आत्यानं सांगितली. तंट्यात साक्ष द्यायची असली तरच ती घंटा वाजवत, आणि खोटं बोलणारा तीन दिवसांत मरतो अशी श्रद्धा होती. भटांनी ओटी घेतली, कुठले कुळावी (देवीला कुलदेवी मानणारे) म्हणून विचारलं. तात्या म्हणाले, कुडाळचे, मूळ वेर्ण्याचे. भट म्हणाले, "मग तुम्ही देवीच्या गावचेच."

सासष्टी 1543 मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. 1560 च्या दशकात तिथली देवळं पाडण्याचा सपाटा सुरू झाला. वेर्ण्याचं म्हाळसेचं देऊळ 1567 मध्ये पडलं. त्याआधी लोकांनी मूर्ती उचलून जुवारी नदीपलीकडे अंत्रुज महालात आणली. तो मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशहाचा. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, लोटलीचा रामनाथ, सगळे असेच नदी ओलांडून आजच्या फोंडा तालुक्यात आले. एका देवाच्या मागे शेकडो कुटुंबं. काही इथेच थांबली, काही उत्तरेला कुडाळकडे सरकली, काही दक्षिणेला मंगळूर, उडुपी, कोचीपर्यंत गेली. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, आमच्या शेजारच्या खोलीत उडुपीचं एक कुटुंब होतं. त्यांची कोकणी आणि आत्याची मालवणी अर्ध्या तासात जुळली. दोन्हीकडच्या आजींच्या तोंडी वेर्ण्याचं नाव होतं. साडेचारशे वर्षं लोटली, तरी सगळ्यांनी ते लेकरांना पाठ करायला लावलं.

संध्याकाळी तळीच्या पायऱ्यांवर बसून तात्यांनी आत्याला दाव्याबद्दल पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं सांगितलं. आत्यानं तिच्या वडिलांची बाजू सांगितली. दोघांचंही पूर्ण पटलं नाही. पण पूर्ण ऐकून घेतलं.

बुधवार, वेर्णे आणि कुंकळ्ळी

बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडली. पात्र रुंद, पाणी गढूळ. मूर्ती घेऊन निघालेली माणसं होडीतून कशी गेली असतील याचा विचार करत मी काठाकडे पाहत होते. आज कारनं ही वाट काही मिनिटांची.

वेर्ण्यात आता औद्योगिक वसाहत आहे, हमरस्ता आहे. जुन्या म्हार्दोळच्या जागेवर अलीकडच्या काळात देवीचं नवं देऊळ उभं राहिलं आहे. आम्ही नमस्कार केला, थोडं फिरलो. आमच्या पूर्वजांचं घर कुठे होतं ते सांगणारं कुणीच नाही, आणि ते शोधायला आम्ही आलोही नव्हतो. इथून कुंकळ्ळीला जायचं तात्यांच्या मुलीच्या मनात होतं. शाळेत मुलांना शिकवायला म्हणून तिनं हा इतिहास वाचला होता.

15 जुलै 1583 ला कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी उठाव केला. त्यात पाच जेझुईट, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारक, मारले गेले. त्यांतला रुदोल्फ आक्वाविवा हा अकबराच्या दरबारात राहून आलेला. पुढे बोलणी करायची म्हणून गावच्या सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली. एकजण तेवढा निसटला. कुंकळ्ळीत त्यांचं स्मारक आहे. त्यांच्या वंशजांत आज हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण इथून जवळ फातर्प्याला नेली गेली. शिगम्याच्या दिवसांत तिचा छत्र्यांचा उत्सव होतो. बारा वांगडांच्या बारा छत्र्या देवीबरोबर फातर्प्याहून तिच्या मूळ गावी येतात. वांगड म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची शाखा. धर्म बदलला तरी वांगड बदलला नाही, आणि देवी येते तेव्हा दोन्हीकडचे लोक वाटेवर असतात.

स्मारकाजवळ एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ भेटले. आम्ही कुठून आलो ते सांगितल्यावर त्यांनी आपला वांगड सांगितला, मग वडिलांचं, आजोबांचं नाव, पुढे पाचेक पिढ्या, शेवटची दोन नावं हिंदू. "बाप्तिस्मा झाला म्हणून आजो बदलता?" असं त्यांनी विचारलं. घरात लग्न असलं की आधी भिकाऱ्यांचं जेवण घालतात असं ते म्हणाले. गेलेल्या माणसांच्या नावानं गरिबांना बोलावून पोटभर वाढायचं, आणि मगच लग्नाला लागायचं. तात्या म्हणाले, सोमवारीच आमच्याकडे म्हाळ झाला. गृहस्थांनी विचारलं काय काय केलं होतं. काळ्या वाटाण्याच्या सांबाराला त्यांनी मनापासून दाद दिली आणि शिगम्याला उतरायला त्यांच्या घरी यायचं आमंत्रण दिलं. तात्यांच्या मुलीनं त्यांचा नंबर घेतला.

फातर्प्याला ओटी भरून संध्याकाळी मडगाव स्टेशन. कोकणकन्येला अवकाश होता. थोरल्या घरातल्या नावांची यादी मी तात्यांना पुन्हा वाचून दाखवली. त्यांनी दोन जन्मसालं दुरुस्त केली आणि बेळगावच्या एका सुनेचं राहिलेलं नाव घातलं. नाशिकच्या गुरुजींना ती यादी मी फलाटावरूनच पाठवली. दादानं मृत्यूदाखल्याची प्रत तात्यांना दिली. तलाठी गुरुवारी सजावर (गावच्या कार्यालयात) बसतात, तेव्हा उद्याच अर्ज देतो, असं तात्या म्हणाले. अर्जात वारस म्हणून दादा, मी आणि आत्या अशी तीन नावं घालायची, आणि आधारच्या प्रती आम्ही घरी पोचल्यावर पाठवायच्या, असं ठरलं.